प्रकाशाचा खर्च

गेल्या स्नेहसंमेलनात दहावीतल्या एका मुलाने सभागृहातील लेझीम मोबाइलवर मंदगतीने टिपली आणि मोठ्या हौसेने मला दाखवायला आणली. चित्र पाहून मी चरकलोच. मुले नाचत होती खरी. पण मागची सारी भिंत धाप लागल्यासारखी उजळत होती नि काळवंडत होती. “सर, मोबाइल बिघडला का हो?” त्याने विचारले. मोबाइल बिघडलेला नव्हता. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि चोकवाली ट्यूब त्या हिशेबाने सेकंदाला १०० वेळा मंदावते. आपल्या डोळ्यांना त्याची दादही नसते. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या यंत्रापासून मात्र ते लपत नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात त्याच मुलांना मैदानावर पुन्हा नाचविले, तेव्हा चित्र निवळ आले. सूर्य लुकलुकत नाही.

त्या दिवसापासून ‘सैराट’वर लिहावे असे मनात घोळत होते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील मुलूख करमाळ्याचा, म्हणजे आमच्या कर्जतला लागून असलेला. जात, बोली, संगीत यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या छायालेखनाविषयी मात्र माझ्या वाचनात आले ते “सुंदर” या एका शब्दापुरतेच. मला वाटते, या चित्रपटाचे मर्म काही अंशी तेथेच आहे.

थोडा मास्तरी हिशेब करू. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. उडी लांबवायची, तर घेतानाच सेकंदाला ९६ चित्रे घ्यायची. मग एका सेकंदाची उडी पडद्यावर चार सेकंद टिकते. पण हे फुकट मिळत नाही. नेहमीच्या अर्धवर्तुळ शटरने २४ च्या गतीत प्रत्येक चित्राला सेकंदाचा ४८वा भाग प्रकाश मिळतो. ९६ च्या गतीत १९२वा. म्हणजे चौथाई. उरलेली तूट कोठून तरी भरून काढलीच पाहिजे. भिंगाचे छिद्र दोन पायऱ्या उघडावे, तर एकच चेहरा स्पष्ट उरतो आणि मागचे गाव विरघळून जाते. फिल्म अधिक संवेदनशील घ्यावी, तर चित्रावर कण उमटतात. नाही तर मग प्रकाशच चौपट आणावा. हा नियम फिल्मला आहे तसाच आजच्या अंकीय कॅमेऱ्यालाही आहे. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टिपले, तेव्हा थांबून थांबून एकेक चित्र घेत दिवसांचे क्षण केले होते. येथे क्षणाचा ऐवज वाढवायचा असतो, आणि त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते.

आमच्या दुष्काळी भागात पाण्याची वानवा; उन्हाची नाही. मोकळ्या रानात दुपारी इतके ऊन असते, की चौपट खर्चूनही छायालेखकाला भिंगावर काळी काच चढवावी लागेल. परशा नावेतून पाण्यात उडी घेतो आणि अर्चीच्या ओढीने धावत सुटतो, ती धाव ‘सैराट’ने लांबविली आहे. मासेमारी करणाऱ्याचा मुलगा आणि पाटलाची मुलगी! या दोघांना जगात कोणी सवड देणार नाही, ती येथले ऊन देते. जे आम्ही शिव्या देत डोक्यावर वाहतो, तेच येथे श्रीमंतीसारखे उधळलेले पाहून मी थिएटरात थक्क झालो होतो.

हा उपाय पहिल्या भागात जरा सढळपणे वापरला आहे, हेही सांगितले पाहिजे. केस उडाले की गती मंद, कोणी वळून पाहिले की गती मंद, असे होऊ लागले म्हणजे प्रेक्षक कौतुक करता करता सावध होतो. त्याचे अनुकरण तर विचारू नका. आमच्या तालुक्यातल्या लग्नांच्या चित्रफितींत आता वरमाईसुद्धा मंदगतीने चालते, आणि ट्यूबच्या उजेडात तिच्या मागची भिंत धापा टाकते.

पण चारही गाणी दोघे पळून जाण्यापूर्वीच संपतात. हैदराबादच्या त्या चिंचोळ्या खोलीत मंदगतीची चैन फारशी उरत नाही. तेथे भांडण, संशय, डोसे नि कामाच्या पाळ्या. दिव्याखालचा संसार आपल्याच गतीने चालतो. तंत्राची अडचण आणि कथेची गरज येथे एकमेकींना मिळाल्या आहेत.

खरा कस लागतो तो शेवटी. मरण मंदगतीने दाखविण्याची पडद्यावर जुनी रीत आहे. कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये (१९५४) ती आहे, ‘बॉनी अँड क्लाइड’मध्ये (१९६७) तर गोळ्यांनी चाळण झालेली शरीरे जवळजवळ नृत्य करतात. कलावंतांच्या हाती तिला अर्थ असेल. पण आमच्या जिल्ह्यातल्या खर्ड्याला २०१४ साली एका शाळकरी मुलाचा खून झाला आणि कारण म्हणून एका मुलीशी बोलणे सांगितले गेले. त्याच वयाची मुले रोज माझ्यासमोर बाकांवर बसतात. अशा गावांतून जाणाऱ्या चित्रपटाने खून देखणा केला असता, तर मी तो माफ केला नसता.

मंजुळे तो दाखवीतच नाहीत. अर्ची दारात रांगोळी काढीत असते. माहेरची माणसे येतात. ती त्यांच्यासाठी चहा ठेवते. पुढे दिसते ते झाल्यानंतरचे. ज्या चित्रपटाने प्रेमातल्या एका उडीसाठी एवढे ऊन खर्चिले, तो खुनावर एक फ्रेमही खर्चीत नाही. संगीतही तेथे थांबते. शेजारणीचा हात सोडून आलेले मूल आईबापांकडे पाहते, रडू लागते आणि बाहेर पडते. रडणे ऐकू येत नाही. लाल पावले उमटत जातात, ती एका लहान मुलाच्या, नुकत्याच शिकलेल्या चालीने.