रॅनबॅक्सी : औषध कागदावरचे आणि बाटलीतले

कॅथरीन इबान यांचे ‘बॉटल ऑफ लाइज’ (२०१९) हे पुस्तक आपल्याकडे दोन तऱ्हेने वाचले जाते. काहींना वाटते, बरे झाले, कोणीतरी बोलले. इतरांना वाटते, झाली पुन्हा आपलीच बदनामी. दोन्ही पक्ष पुस्तकातल्या खऱ्या ऐवजाला बगल देतात असे मला वाटते.

रॅनबॅक्सी ही १९३७ साली अमृतसरला निघालेली पेढी. दोघा संस्थापकांची नावे जोडून तिचे नाव झाले. पुढे ती भाई मोहनसिंगांकडे आली. पदार्थाला नव्हे तर कृतीला पेटंट देणारा भारताचा १९७० चा कायदा आणि अमेरिकेत जेनेरिकचे दार उघडणारा १९८४ चा कायदा, या दोहोंवर तिची भरभराट झाली.

पुस्तकाचा गाभा २००४ सालचा आहे. दिनेश ठाकूर नावाचा कंपनीतला इंजिनियर वरिष्ठांच्या सांगण्यावरून एकेका औषधाच्या अर्जामागचे मूळ आकडे शोधू लागतो. अर्जात टिकाऊपणाच्या चाचण्या व्यवस्थित झालेल्या; प्रयोगशाळेत मात्र त्यांचा पत्ता नाही! संचालकांपुढे हे मांडल्यावर प्रती नष्ट करण्याचा हुकूम सुटतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही पाने जरूर वाचावीत. कोण कधी काय बदलले याची नोंद यंत्रात का ठेवायची, हे इतक्या स्पष्टपणे मी आमच्या धंद्यातल्या पुस्तकांतही वाचलेले नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या लबाडीचा उगम शोधताना लेखिका ‘जुगाड’ शब्दापाशी, म्हणजे भारतीय स्वभावापाशी, फार रेंगाळतात. मग १९८० च्या दशकातल्या अमेरिकेचे काय करायचे? इथल्या विटारीन कंपनीने मंजुरीच्या चाचणीसाठी चक्क ब्रँडचे औषध आपल्या कॅप्सूलमध्ये भरले होते. एफडीएचे काही कर्मचारी लाच घेताना सापडले ते १९८९ मध्ये. तिथे कुठला जुगाड? पहिला अर्ज करणाऱ्याला सहा महिने एकट्याने विकण्याचा हक्क मिळतो, परदेशातल्या तपासणीला येणारे बहुधा आगाऊ कळवून येत असत. खरे कारण या व्यवस्थेत आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा पुरावा लेखिकेनेच गोळा केलेला आहे. औरंगाबादजवळच्या वाळूजला वोक्हार्टच्या कारखान्यात २०१३ मध्ये फाडलेल्या नोंदी कचऱ्यात सापडल्या, त्या तपासनीसाची नजर तीक्ष्ण होती म्हणून.

‘बदनामी’वाल्यांनाही एक सांगायचे आहे. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सची औषधे माणशी वर्षाला ३५० डॉलर्समध्ये देऊ केली, हेही याच पुस्तकात मानाने आले आहे. आपल्या घरातल्या केशरी बाटलीवर गोळी कोणत्या कारखान्यात बनली हे बहुधा लिहिलेले नसते. तेव्हा सिप्लाचा अभिमान बाळगणाऱ्यालाच रॅनबॅक्सीचा राग सर्वांत जास्त यायला हवा.

कंपनी २००८ मध्ये जपानच्या दाइची सांक्योने ४.६ अब्ज डॉलर्सच्या व्यवहारात घेतली. विकणाऱ्या सिंग बंधूंनी महत्त्वाची माहिती दडवली, असा निवाडा सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये दिला. मे २०१३ मध्ये कंपनीने सात गुन्हे कबूल केले आणि ५० कोटी डॉलर्स भरले. पुढे ती सन फार्माने घेतली. अमेरिकेत एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही. या प्रश्नाला मी जुगाडापेक्षा जास्त पाने दिली असती.