आईच्या पदरात काय पडले?

श्रावणातील पिठोरी अमावास्या आपल्याकडे मातृदिन म्हणून ओळखली जाते. अलीकडे तिच्या जोडीला मे महिन्यातील दुसरा रविवारही आला आहे. अशा दिवशी आईला काय द्यावे, या प्रश्नाला मराठी मनाने दिलेले एक उत्तर म्हणजे ‘श्यामची आई’ची प्रत. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु हे पुस्तक खरोखर आईला द्यावयाचे आहे काय, असा प्रश्न ते पुन्हा वाचताना मला पडला.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. 1935 साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील करुणरस, भाषेचे साधेपण आणि संस्कारांचे सामर्थ्य यांबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मला येथे एक निराळाच हिशेब मांडावयाचा आहे. या बेचाळीस रात्रींत आईने काय दिले ते सर्वांना पाठ आहे. तिला काय मिळाले?

‘पर्णकुटी’ या प्रकरणात स्वतःचे घर उभे राहावे म्हणून ती हातांतल्या पाटल्या पुढे करते. ‘आनंदाची दिवाळी’त भावाने घातलेली भाऊबीजेची ओवाळणी पतीच्या धोतरासाठी खर्ची पडते. ‘बंधुप्रेमाची शिकवण’मध्ये श्याम पैसे साठवून कोट शिवतो, तो धाकट्या भावासाठी; आईच्या वाट्याला येतात ते आनंदाश्रू. म्हणजे तिच्या हाती आलेली प्रत्येक वस्तू क्षणभरही तेथे विसावत नाही. तिला स्वतःसाठी काय आवडत असे, कामाचा रगाडा उरकल्यावर तिचे मन कशात रमत असे, हे मातृभक्त श्याम आपल्याला क्वचितच सांगतो.

वकिलीच्या धंद्यात स्त्रीधन हा शब्द माझ्या कानांवर नित्य पडतो. याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर घातले नाही. पण अशा मोजक्या प्रसंगांची यादी करताना इतर वेळी ते तिचेच आहे, हे त्याने मान्य केले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. गोव्यात तर 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, विवाहापूर्वी निराळा करार नसल्यास, पती-पत्नीची मिळकत सामाईक आणि वाटा निम्मा-निम्मा. श्यामच्या आईचे सोने मात्र घरात गेले, आणि ‘अब्रूचे धिंडवडे’मध्ये कर्जापायी जप्तीची दवंडी पिटली गेली. कथेत या सोन्याचा हिशेब कोणीही मागत नाही. ती स्वतः तर नाहीच नाही.

यावर कोणी म्हणेल, देण्यातच तिचा आनंद होता. असेलही. परंतु त्यागाचे मोल, न देण्याची मोकळीक असताना दिले तर वाढते. जिला ही मोकळीक कधी मिळालीच नाही, तिच्या त्यागाला केवळ नमस्कार करून आपण सुटू शकत नाही. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि ग्वाल्हेरशी नाते असलेल्या वनमालाबाईंच्या सोज्ज्वळ मुद्रेने ही आई घरोघर पोहोचली. तेव्हापासून तर सोशिकता हेच आईचे रूप, असे आपण धरून चाललो.

याच सुमारास, 1934 मध्ये, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला होता. तीही आईच, दारिद्र्य आणि ताटातूट तिनेही भोगली. परंतु ती स्वतः बोलते, रुसते, आपल्या फजितीवर खळखळून हसते. दुःखाला तिने दिलेला तो विनोद तिचा स्वतःचा आहे. तो कोणाच्या कर्जात जप्त होत नाही. एका पुस्तकात मुलाने आई आठवली आहे, दुसऱ्यात आईने स्वतःला. मराठीत पहिलीची पूजा झाली. दुसरीशी गप्पा मारण्यास आपण अजून पुरेसे शिकलेलो नाही.

साने गुरुजींवर मात्र अन्याय होऊ नये. त्यांना ही उणीव जाणवली होती, याचा पुरावा ‘अर्धनारी नटेश्वर’ या प्रकरणात आहे. तेथे श्याम बायकांची म्हणून मानली गेलेली घरकामे स्वतः करू लागतो. माझ्या मते साऱ्या पुस्तकात आईला मिळालेली खरी भेट ती हीच. तिला दुसऱ्या कोणाच्या अंगावर घालता येत नाही, मोडून घर बांधता येत नाही. ती भेट म्हणजे विसाव्याची घटका.

म्हणून ‘श्यामची आई’ मुलांनी अवश्य विकत घ्यावी. पण आईच्या हाती देऊ नये, स्वतः वाचावी. आणि वाचून झाल्यावर उठून चूल सांभाळावी. त्या मोकळ्या वेळात ती अर्धवट राहिलेले विणकाम घेऊन बसेल, जुनी पेटी उघडेल किंवा नुसतीच खिडकीशी बसून राहील. ती काय करते, हे विचारण्याचाही आपल्याला अधिकार नाही.