एका डॉलरचा जोड

रॉबर्ट पिर्सिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (1974) लोक तत्त्वज्ञानासाठी वाचतात. मला त्यातलं वेल्डिंगचं छोटंसं दृश्य जास्त मोलाचं वाटतं. जुनी फियाट घरीच उभी करायची म्हणून वेल्डिंग शिकायला निघालेल्या माणसाने तर ते वाचायलाच हवं.

मुलाला मागे बसवून मोटरसायकलवरून अमेरिका पालथी घालणाऱ्या निवेदकाला चेन कव्हर वेल्ड करून हवंय. वाटेतल्या गावातला साठी-सत्तरीचा वेल्डर त्याला धड विचारतही नाही. कव्हर तूच काढ, म्हणतो. काढलं, तर म्हणतो ग्रीस आहे. निवेदक काडीने खरवडतो, सॉल्व्हंटने पुसतो, तेव्हा कुठे म्हाताऱ्याची मान हलते. ठिणगी बघायला आलेल्या वाचकाला पिर्सिग आधी ग्रीस काढायला बसवतात, हे मला फार आवडतं. गाडीचा सडलेला फ्लोअर ज्याने उघडलाय त्याला हा क्रम पटेल. रंग, तेल, गंज राहिला की जोडात बुडबुडे येतात, मग वरून कितीही लांबी भरा.

नंतर रेग्युलेटर लावणं, टिप निरखून बदलणं, सगळं सावकाश. आणि म्हातारा उचलतो चक्क स्टीलचा फिलर रॉड! निवेदक चमकतो. कव्हरसारखा पातळ पत्रा तो स्वतः पितळी रॉडने ब्रेझ करतो, कारण वेल्ड करायला गेलं की भोकं पडतात आणि ती बुजवायला गोळेच्या गोळे ओतावे लागतात. त्याची भीती खरी आहे. पितळी रॉड साधारण 900 अंश सेल्सिअसला वितळतो, तेव्हा पत्रा शाबूत असतो. पोलाद वितळायला 1500च्या आसपास जावं लागतं आणि ऑक्सि-ॲसिटिलीन गॅसची ज्योत असते 3000च्या वर. पातळ पत्र्यावर ‘वितळला’ आणि ‘भोक पडलं’ यांत क्षणाचंच अंतर.

पिर्सिग हे आकडे देत नाहीत. ते दाखवतात बारीक निळी ज्योत, टॉर्च आणि रॉड यांची आपापली वेगळी लय, आणि एकसारखी नारिंगी-पिवळी झालेली जागा. त्यातलं ‘एकसारखी’ महत्त्वाचं. उष्णता कमीजास्त झाली की पत्रा वाकतो. घरगुती मिग वेल्डिंगमध्ये ट्रिगर दाबला की तार आपोआप येते, दुसऱ्या हाताला ती लय सांभाळावी लागत नाही. पण पत्रा वाकू नये म्हणून त्यातही इथे एक टाका, तिथे एक टाका मारून मध्ये पत्रा निवू देतात. टिग वेल्डिंगमध्ये मात्र टॉर्च आणि रॉड पुन्हा वेगळे, म्हणून दोन्ही हातांना पुन्हा काम लागतं.

जोड जेमतेम दिसतो. निवेदक मनापासून वाहवा करतो, म्हातारा न हसता एक डॉलर मागतो. ही दाद पोकळ वाटत नाही, कारण ती देणाऱ्याच्या हातून हेच काम बिघडलेलं आहे. तानसेन नसला तरी तो कानसेन आहे. पुढे म्हाताऱ्याच्या नजरेतल्या एकटेपणाचा अर्थ पिर्सिग लावत बसतात, ते नसतं तरी चाललं असतं. डॉलरपाशी थांबायला हवं होतं.

मिग मशीनवर पैसे घालण्याआधी हे पान जरूर वाचा. मग गाडीला हात न लावता तेवढ्याच जाडीचा भंगारातला पत्रा आणा, चकचकीत घासा आणि भोकं पडायची थांबेपर्यंत त्यावरच टाके मारा.