ध्वन्याधारित वाचन-लेखनाचे अध्यापन आणि वऱ्हाडी बालक : एक चिकित्सा

प्रस्तावना : अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध क्रमबद्ध रीतीने शिकविण्याच्या पद्धतीचा पुरस्कार अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० च्या व इंग्लंडमधील रोझ समितीच्या २००६ च्या अहवालाने केला. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. त्या मानाने देवनागरीत हे नाते सरळ असल्याने मराठीत ही पद्धती सहज यशस्वी होईल, असे गृहीत धरले जाते. दर्यापूर परिसरातील वऱ्हाडी बोलणाऱ्या बालकाच्या संदर्भात हे गृहीतक तपासणे अगत्याचे ठरते.

पद्धतीचे बळ : 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत मुळाक्षरे घोकून घेण्यापेक्षा निवडक अक्षरांचा गट शिकविणे निश्चितच फलदायी आहे. 'क', 'म', 'र' आणि काना एवढ्या सामग्रीवर 'काम', 'मका', 'मार' हे अर्थपूर्ण शब्द बालक पहिल्या काही दिवसांतच वाचू शकते.

मर्यादा : वाचनास लागू पडणारे हे तत्त्व लेखनास तितकेसे लागू पडत नाही. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' चे उच्चार भिन्न, परंतु चिन्ह एकच. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम 'मूल' दीर्घ व 'गुण' ऱ्हस्व लिहावयास सांगतात. येथे निर्णय कानाने नव्हे, तर शब्दाच्या व्युत्पत्तीने होतो. सहा वर्षांच्या बालकास व्युत्पत्ती कोठून ठाऊक असणार?

वऱ्हाडीत प्रश्न अधिक गंभीर होतो. तीत 'ळ' चा 'य' आणि 'ण' चा 'न' होतो. 'डोळा' हा 'डोया', 'पाणी' हे 'पानी' आणि 'शाळा' ही 'शाया'. ऐकलेल्या ध्वनीप्रमाणे लिही, असे शिक्षक सांगतात. बालक प्रामाणिकपणे 'पानी' लिहिते आणि वहीवर लाल फुली उमटते. वस्तुतः त्याने पद्धतीचे तंतोतंत पालन केलेले असते. ज्या लेखनातून त्याची ध्वनिजाणीव सिद्ध होते, तेच त्याच्या अज्ञानाचा पुरावा मानले जाते. परिणामी बालक अक्षरावरचा नव्हे, तर स्वतःच्या कानावरचा आणि घरच्या भाषेवरचा विश्वास गमावते.

उपाययोजना : फलटणच्या बोलीतील वैविध्यावर संशोधन करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी त्याच गावी प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून वाचन-लेखनाच्या अध्यापनाचे कार्य उभे केले. बोलीचा अभ्यास आणि साक्षरतेचे अध्यापन ही परस्परपूरक कार्ये आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते. वऱ्हाडातही 'ळ' आणि 'ण' ही अक्षरे आरंभीच्या गटांत न ठेवता, बोलीतील व प्रमाण भाषेतील शब्दांच्या जोड्या ऐकवून, नवे ध्वनी म्हणून शिकविता येतील. व्युत्पत्तीवर अवलंबून असलेले ऱ्हस्व-दीर्घ मात्र वारंवार वाचनातून, शब्दाच्या रूपासह, लक्षात आणून द्यावे लागेल.

निष्कर्ष : ध्वन्याधारित पद्धती त्याज्य नाही, तथापि ध्वनी कोणाचा, हा प्रश्न तिने प्रथम विचारला पाहिजे. 'पानी' लिहिणारे बालक चुकलेले नसून अर्ध्या वाटेवर पोहोचलेले आहे, हे ओळखण्याची दृष्टी शिक्षक-प्रशिक्षणातून मिळाली, तरच ही पद्धती वऱ्हाडच्या वर्गात सार्थ ठरेल.