जमिनीचा ‘एक्स-रे’ खरेच निघतो का?

परभणी जिल्ह्याचा भूशास्त्रीय नकाशा जवळजवळ एकाच रंगाचा असतो. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठचा गाळ सोडला, तर जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत सगळीकडे बेसाल्ट. हा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याखालचे ग्रॅनाइटसारखे खडक कित्येक पटींनी जुने आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे ते उघडे पडलेले दिसतात, परभणीत मात्र झाकलेले आहेत. मग त्यांतल्या भेगा, प्रस्तरभंग ओळखायचे कसे?

याचे उत्तर देताना अनेक विज्ञानलेखांत हवाई चुंबकीय सर्वेक्षणाला ‘जमिनीचा एक्स-रे’ म्हटले जाते. उपमा सोपी आहे, वर्गात चटकन पटते. आमची हरकत तिलाच आहे.

एक्स-रे काढताना किरण शरीरातून आरपार जातात. येथे विमान जमिनीत काहीच सोडत नाही. समांतर रेषांवरून उडत ते फक्त चुंबकीय क्षेत्र मोजते. आपल्याकडे हे क्षेत्र ४३ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असते. त्यात खडकांमुळे पडणारा फरक काही दहा-शेकड्यांचा. या फरकावरून खालची रचना ताडायची. चढ अरुंद व टोकदार असेल, तर त्याचे कारण फार खोल असू शकत नाही. पसरट चढ मात्र खोलवरच्या खडकामुळे येतो, तसाच वरच्या रुंद, पातळ थरामुळेही येऊ शकतो. नकाशा एकच, उलगडे अनेक!

दख्खनमध्ये आणखी एक पंचाईत आहे. पायाच्या खडकांपेक्षा वरचा बेसाल्टच सहसा अधिक चुंबकीय. शिवाय लाव्हा थिजताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा त्यात कायम होते. आपला बराचसा लाव्हा पृथ्वीचे क्षेत्र आजच्या उलट असताना थिजला, तेव्हा भारतही विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. या गोंगाटातून खालचा क्षीण आवाज वेगळा काढायचा आहे.

हा शब्दच्छल नव्हे. ‘दख्खनचे पठार स्थिर’ हे वाक्य वर्षानुवर्षे पाठ करून घेतले गेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. त्यानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. हा आकडा खडक हातात घेऊन मोजलेला आहे. कोयनेतही हवाई चुंबकीय व गुरुत्व सर्वेक्षणाला खोल छिद्रांची जोड द्यावी लागली. एका ठामपणाच्या जागी दुसरा बसवण्यात काय अर्थ? सर्वेक्षण छिद्र कोठे घ्यावे हे सुचवते, आणि ते मोलाचे काम आहे.

वर्गात ‘एक्स-रे’ऐवजी हे करून पाहा. पुठ्ठ्याखाली एक लहान चुंबक जवळ आणि एक मोठा चुंबक खाली दूर, असे आळीपाळीने ठेवा. मुलांना दिसू देऊ नका. वरून होकायंत्र सरकवून सुईचे विचलन टिपायला सांगा आणि विचारा : चुंबक किती खोल आहे? उत्तरे वेगवेगळी आली, की प्रत्येकाला आपले कारण फळ्यावर लिहू द्या. पुठ्ठा लगेच उचलू नका.