‘अपाच्य’ या शब्दाची तपासणी

तृणभक्षक प्राण्यांच्या पोषणाविषयी गेल्या चार दशकांत जे शास्त्रीय लेखन झाले त्यात वनस्पतींच्या मेणातील हायड्रोकार्बनांना ‘अपाच्य’ हे विशेषण सर्रास लावलेले आढळते. मी रसायनशास्त्राचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तथापि कृषिविषयक परिभाषेच्या एका सूचीत हा शब्द मीच निःशंकपणे घातला होता. पुढे एका विद्यार्थ्याने विचारले, ‘पदार्थ अपाच्य आहे, तर विष्ठेत कमी पडलेला भाग गेला कुठे?’ मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत टिपण त्या प्रश्नाचे देणे आहे.

गवताच्या पानावरील मेणात सरळ साखळीचे अल्केन असतात. त्यांतील बहुतेकांची कार्बनसंख्या विषम, साधारणतः २५ ते ३५, असते. मेज, लँब आणि कोलग्रोव्ह यांनी १९८६ मध्ये या गोष्टीचा मोठ्या चातुर्याने उपयोग केला. मेंढीला ३२ कार्बनांचे सम अल्केन ठराविक मात्रेत द्यावयाचे, लेंड्यांतील त्याचे प्रमाण चाऱ्यातून आलेल्या ३३ कार्बनांच्या अल्केनाशी ताडून पाहावयाचे आणि त्यावरून मेंढीने किती चारा खाल्ला ते काढावयाचे. दोन पोत्यांतून सारख्याच प्रमाणात धान्य सांडले तर उरलेल्याचे गुणोत्तर बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे या पद्धतीला पदार्थ अपाच्य असण्याची गरजच नव्हती. दोहोंची गळती सारखी असणे पुरेसे होते. मूळ युक्तीचे खरे सौंदर्य येथेच आहे, आणि ‘अपाच्य खूणद्रव्य’ म्हणणारी पाठ्यटिपणे नेमके तेच झाकून टाकतात.

हा दोष निव्वळ शाब्दिक नाही. साखळी जितकी आखूड तितकी गळती अधिक. मेंढ्यांवरील प्रयोगांत २७ कार्बनांच्या अल्केनाची विष्ठेतील प्राप्ती ढोबळमानाने सात-दशांश, तर ३३ कार्बनांच्या अल्केनाची नऊ-दशांशाच्या आसपास भरते. जनावराने कोणकोणत्या वनस्पती किती खाल्ल्या हे अल्केनांच्या एकूण ठशावरून ठरवू गेल्यास ही तफावत दुरुस्त करावीच लागते. अन्यथा आखूड साखळ्यांनी समृद्ध असलेली वनस्पती हिशेबात कमी भरते. ‘अपाच्य’ या शब्दावर विश्वासलेला विद्यार्थी ही दुरुस्ती विसरतो.

गंमत अशी की, काटेकोर अर्थाने हा शब्द खोटा नाही. पचन म्हणजे विकरांनी मोठ्या रेणूचे जलविच्छेदन करणे असे मानल्यास हायड्रोकार्बनात तोडण्याजोगा बंधच नाही. मेदावर चालणारे लायपेझ येथे निरुपयोगी ठरते. रोमंथिकेच्या ऑक्सिजनविरहित वातावरणात सूक्ष्मजीवही त्याला फारसे शिवत नाहीत. पण पुढे लहान आतड्यात पित्तलवणांच्या आश्रयाने हा रेणू अखंडच शोषला जाऊ शकतो. त्यानंतर आतड्याच्या अंतस्त्वचेत व यकृतात सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे साखळीच्या टोकाशी ऑक्सिजन जोडतात. अल्कोहोल होते, त्याचे मेदाम्ल होते आणि ते इतर मेदाम्लांच्या वाटेने जाते. न पचताच शोषण आणि शोषणानंतर चयापचय, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

मराठी वाचकाची येथे आणखी एक फसगत होते. ‘चयापचय’ या शब्दात कानाला ‘पचन’ ऐकू येते; प्रत्यक्षात तो चय आणि अपचय यांचा समास आहे. एकाचा धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणे. दुसऱ्याचा ‘पच्’, म्हणजे शिजवणे. पचनावाचून चयापचय संभवत नाही अशी जी समजूत वर्गात दिसते तिचे मूळ, माझ्या मते, बऱ्याच अंशी या ध्वनिसाम्यात आहे. परंतु दोष केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. याच तिघा संशोधकांनी १९८८ मध्ये मेंढ्यांतील अल्केनांविषयी जो निबंध सादर केला, त्याच्या शीर्षकात ‘पचन’ आणि ‘चयापचय’ हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी आहेत. चयापचय मान्य, पचन कोणते?

‘मेण’ हा शब्दही असाच सैल आहे. अमेरिकेतील बेबेरीच्या फळावरील ‘मेण’ तेथील एक पाखरू उत्तम पचवते. परंतु तो पदार्थ रसायनदृष्ट्या मुख्यतः ग्लिसराइडे, म्हणजे मेदच आहे. तेव्हा पक्षी मेण पचवतात म्हणून गायही पचवील, हा युक्तिवाद नामसाधर्म्यावर उभा आहे. असो.

सूचीच्या सुधारित प्रतीत मी ‘अपाच्य’ खोडून ‘अल्पशोष्य’ लिहिले. पशुपोषण शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी त्यावरही हरकत घेतली: सोळा-सतरा कार्बनांचा हायड्रोकार्बन चांगलाच शोषला जातो, त्याला अल्पशोष्य कसे म्हणावयाचे? हरकत रास्त होती. आता त्या नोंदीत विशेषण ठेवलेले नाही. प्रत्येक अल्केनापुढे त्याची कार्बनसंख्या तेवढी लिहिली आहे.