नडगीवरील घाव : विस्बीची रणभूमी आणि मध्ययुगीन युद्धाचे पुनराचरण

इतिहास म्हणजे भूतकालीन विचाराचे इतिहासकाराच्या मनात घडणारे पुनराचरण होय, हा आर. जी. कॉलिंगवुड यांचा सिद्धान्त त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' या ग्रंथामुळे इतिहासमीमांसेच्या विद्यार्थ्यांस सुपरिचित आहे. पुनराचरणासाठी कॉलिंगवुड यांनी जो इंग्रजी शब्द योजला तोच शब्द आज एका सर्वस्वी निराळ्या उद्योगासाठी रूढ झाला आहे. युरोप व अमेरिकेतील सहस्रावधी हौशी स्त्रीपुरुष मध्ययुगीन पोशाख व चिलखते घालून, तंबूंत राहून, त्या काळच्या पद्धतीने अन्न शिजवून आणि परस्परांशी शस्त्रे खेळून मध्ययुगाचे 'पुनराचरण' करीत असतात. विद्यापीठीय अभ्यासकाने या उद्योगाकडे हौसेचा खेळ म्हणून दुर्लक्ष करावे, की भूतकाळाच्या ज्ञानाचे ते एक साधन मानावे, असा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट रणभूमीच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम या उद्योगाचे प्रकार वेगळे करून घेणे अवश्य आहे. पहिला प्रकार शोभेचा. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे तेथील अर्लने मध्ययुगीन द्वंद्वोत्सव भरविला. वॉल्टर स्कॉट यांच्या 'आयव्हानहो' कादंबरीने जी मनोभूमी तयार केली होती तिचे हे फळ होते. पण पहिल्याच दिवशी मुसळधार पाऊस कोसळला आणि चिलखती सरदार व छत्र्या उघडलेले प्रेक्षक यांचे एकत्र दर्शन विनोदाचा विषय झाले. दुसरा प्रकार क्रीडेचा. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या मागील अंगणात झालेल्या मेळाव्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम' ही संस्था उदयास आली. वेताच्या तलवारी, पण खरी चिलखते, ही तिच्या युद्धक्रीडेची ओळख आहे. २०१० मध्ये युक्रेनमधील खोतिन येथे प्रथम भरलेल्या 'बॅटल ऑफ द नेशन्स' या स्पर्धेत बोथट पोलादी शस्त्रे वापरण्यात आली. तिसरा प्रकार प्रयोगाचा. उपलब्ध पुराव्यावरून एखादे चिलखत घडवावे, ते अंगावर चढवावे आणि त्यात मनुष्यास काय करता येते व काय करता येत नाही ते पाहावे, असा त्याचा हेतू असतो. प्रत्यक्षात हे तीन प्रकार अनेकदा एकाच मैदानावर व एकाच माणसाच्या ठायी मिसळलेले असतात, आणि मूल्यमापनाची अडचण नेमकी तेथेच उद्भवते.

आता ज्या रणभूमीचा उल्लेख वर केला तिच्याकडे वळू. २७ जुलै १३६१ रोजी बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटावर, विस्बी शहराच्या तटाबाहेर, डेन्मार्कचा राजा चौथा व्हाल्डेमार याच्या सेनेने बेटावरील शेतकऱ्यांच्या फौजेची कत्तल केली. शहराने लढाईनंतर लवकरच शरणागती पत्करली. मृतांना मोठमोठ्या सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यात आले. या खड्ड्यांचे उत्खनन १९०५ मध्ये सुरू झाले आणि १९२८ ते १९३० या काळात ते अधिक पद्धतशीरपणे पार पडले. बेंग्ट थॉर्डेमान यांनी त्याचा वृत्तान्त १९३९-४० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. सुमारे १,१८५ व्यक्तींचे अवशेष तेथे सापडले. रणभूमीवरील प्रेतांच्या अंगावरील चिलखते सहसा जेते उतरवून घेत. येथे मात्र, बहुधा उन्हाळ्यातील उष्म्यामुळे घाईने दफन करावे लागल्याने, अनेक मृतांच्या अंगावर ती तशीच राहिली. कड्यांच्या टोप्या, हातमोज्यांचे पत्रे आणि सुमारे दोन डझन पट्टचिलखते आज अभ्यासकांस उपलब्ध आहेत ती या घाईमुळे.

पट्टचिलखत म्हणजे चामड्याच्या किंवा कापडाच्या आवरणास आतून लोखंडी पट्ट्या खिळ्यांनी जडवून केलेले अंगत्राण. आवरण मातीत कुजून गेले, पण पट्ट्या व खिळे आपापल्या जागी राहिले. त्यांच्या क्रमावरून थॉर्डेमान यांनी या चिलखतांचे सहा वर्ग पाडले आणि त्यांची रचना कशी असावी ते दाखविले. आज मध्ययुगीन युद्धक्रीडेच्या मैदानांवर विस्बीच्या नमुन्याची चिलखते विपुल दिसतात. २०११ मध्ये लढाईस ६५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा खुद्द विस्बी येथे अनेक देशांतील पथकांनी या लढाईचे पुनराचरण केले. एखाद्या पुरातत्त्वीय ग्रंथातील आकृत्या इतक्या माणसांच्या अंगावर चढल्या, असे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

या उद्योगाच्या जमेस जे आहे ते प्रथम मांडले पाहिजे. चिलखताविषयीचे काही दृढमूल भ्रम दूर करण्याचे श्रेय ग्रंथालयातील अभ्यासकाइतकेच चिलखत घालणाऱ्या माणसाला आहे. चिलखती सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे, ही समजूत १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' या लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या चित्रपटातील दृश्यामुळे घरोघर पोचली. वस्तुतः पंधराव्या शतकातील रणांगणावरील पूर्ण चिलखताचे वजन साधारणतः २० ते २५ किलोग्रॅम असे आणि ते सर्वांगावर विभागलेले असे. मापाचे चिलखत घालणारा मनुष्य स्वतः घोड्यावर चढू शकतो, पडला तर उठू शकतो, धावू शकतो, हे प्रत्यक्ष दाखविता येते. याच्या उलट बाजूचाही पुरावा प्रयोगानेच दिला. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रॉयल आर्मरीज संग्रहालयाच्या शस्त्रप्रात्यक्षिककारांना चिलखत घालून फिरत्या पट्ट्यावर चालविले व धावविले, आणि त्यांच्या श्वसनावरून ऊर्जेचा खर्च मोजला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार चिलखतात चालताना हा खर्च दुपटीहून अधिक होतो. तेच ओझे पाठीवर वाहिले असता लागते त्याहूनही तो जास्त असतो, कारण पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलागणिक उचलावे लागते. १४१५ च्या अझँकूरच्या लढाईत चिखलातून पायी चालून आलेले फ्रेंच सरदार इतके थकून का गेले, याचे उत्तर शोधणाऱ्यास बखरकारांच्या वर्णनांबरोबर आता हा आकडाही विचारात घ्यावा लागतो.

एवढे श्रेय दिल्यानंतर मूळ आक्षेपाकडे वळले पाहिजे. विस्बीच्या अस्थींवरील शस्त्रांच्या खुणा तपासल्या असता त्यांतील फार मोठा भाग पायांच्या, विशेषतः नडगीच्या हाडांवर आढळला. ढाल व पट्टचिलखत यांनी धड झाकले होते. गुडघ्याखालचा पाय बव्हंशी उघडा होता. आणि शस्त्र तेथे वळले. उदरातील घाव हाडापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे अस्थींची साक्ष एकांगी असू शकते, हे मान्य केले पाहिजे. तरीही पायांवर इतके घाव पडले होते, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

आता वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेच्या युद्धक्रीडेचा नियम पाहावा. तीत गुडघ्याखाली वार करण्यास मनाई आहे. मांडीवर वार बसल्यास योद्ध्याने गुडघे टेकून पुढे लढावयाचे असते. नियमाचा हेतू निर्विवादपणे योग्य आहे. कोणाची नडगी मोडू नये. परंतु त्याचा परिणाम काय होतो? ज्या जागी विस्बीच्या मृतांस घाव लागले, नेमकी तीच जागा या युद्धातून वगळली जाते. मग ढाल किती खाली धरावी, पाऊल किती पुढे टाकावे, दोघांत अंतर किती राखावे या सर्व गोष्टी बदलतात. कारण पायाचे भय उरत नाही. विस्बीचे चिलखत अंगावर घालून खेळणारा मनुष्य विस्बीच्या लढाईहून निराळीच लढाई लढत असतो. पोलादी शस्त्रांच्या स्पर्धेतही हेच घडते. तीत भोसकण्यास बंदी आहे. पंधराव्या शतकातील जर्मन शस्त्रविद्येच्या सचित्र पोथ्यांत मात्र चिलखती प्रतिस्पर्ध्याशी लढताना डाव्या हाताने तलवारीचे पातेच धरून तिचे टोक चिलखताच्या फटीत खुपसण्याचे डाव पुनःपुन्हा येतात. चिलखतावर पात्याचा घाव फारसा चालत नाही, म्हणून ही विद्या जन्मली. ती वजा केली की उरते ती जड शस्त्रांची झोडपाझोडपी; आणि प्रेक्षक तिलाच मध्ययुगीन युद्ध समजून घरी जातो.

याहून गंभीर अशी दुसरी गोष्ट आहे. विस्बीच्या खड्ड्यांतील मृतांत अल्पवयीन मुले होती, वृद्ध होते, जुन्या व्याधींनी किंवा अस्थिभंगांनी पंगू झालेले लोकही होते. जे कोणी हाताशी होते त्यांना उभे करण्यात आले, असाच याचा अर्थ होतो. पुनराचरणात भाग घेणारे लोक सुदृढ, प्रौढ, स्वेच्छेने आलेले व शस्त्रांचा दीर्घ सराव केलेले असतात, आणि ते तसेच असावयास हवेत. पण त्यामुळे व्यावसायिक सैनिकांनी केलेली शेतकऱ्यांची कत्तल दोन तुल्यबळ पथकांच्या झुंजीचे रूप घेते. मध्ययुग जसे होते तसे नव्हे, तर जसे असावयास हवे होते तसे उभे करावयाचे, असे या क्षेत्रात विनोदाने म्हटले जाते. क्रीडा म्हणून त्यात गैर काही नाही. ज्या जागेखाली त्या मुलांची हाडे सापडली त्या जागेची लढाई 'असावयास हवी होती' तशी मांडणे मात्र निराळे.

येथे आपल्या साहित्यमीमांसेतील एक संज्ञा उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी साहित्यानंदाच्या उपपत्तीसाठी 'सविकल्प समाधी' ही कल्पना मांडली. आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होणे, असे तिचे स्थूल स्वरूप सांगता येईल. चिलखत चढविणारा कारकून वा शिक्षक स्वतःस सरदार मानतो आणि सायंकाळी आपल्याला घरी जावयाचे आहे हेही जाणतो. त्याच्या आनंदाचे स्वरूप या संज्ञेने अचूक दाखविता येते. परंतु समाधीचा आनंद आणि इतिहासाचे ज्ञान यांत भेद आहे. कॉलिंगवुड यांच्या पुनराचरणात विचार पुन्हा विचारला जातो तो चिकित्सेसह. त्या विचाराचा पुरावा व त्याची यथार्थता इतिहासकार तपासीत असतो. मृत्यूच्या भयाची प्रचिती त्याला येत नाही आणि ती आली असा त्याचा दावाही नसतो. उलट 'आम्ही ते प्रत्यक्ष अनुभवले' हा मैदानावरच्या माणसाचा दावा नेमका त्याच ठिकाणी दुबळा पडतो. वजन, उष्मा, श्वास, दृष्टीचा संकोच यांचा अनुभव त्याला खरोखर येतो. पळून जाण्याची वाट नसलेल्या मुलाचा अनुभव त्याला येत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, नाटकातही कोणी खरे मरत नाही, आणि संकेतांवाचून कोणतेच सादरीकरण संभवत नाही. हा आक्षेप रास्त आहे. पाय मोडावेत किंवा मुलांना मैदानात उतरवावे, अशी मागणी कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. प्रश्न संकेत पाळण्याचा नसून ते उघड करण्याचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ संपादकांस पूर्णपणे निश्चित वाटला नाही त्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. संहिता वाचनीय व्हावी म्हणून संपादकाने निवड केली, पण निवड कोठे केली तेही वाचकाला दाखविले. पुनराचरण हेही एक प्रकारचे संपादन आहे. तुटक अवशेषांतून ते एक सलग संहिता उभी करते, रिकाम्या जागा अनुमानाने भरते, आणि सुरक्षिततेसाठी काही पाठ बदलते. कुजून गेलेल्या चामड्याचा रंग, वगळलेला नडगीवरचा वार, वगळलेला भोसकणीचा डाव, सहभागी माणसांचे वय या सर्वांखाली नागमोडी रेघ हवी. ती असेल तर पुनराचरण ही पुराव्यावरील टीका ठरते. ती नसेल तर तो प्रक्षेप होय, मग चिलखतातील प्रत्येक खिळा कितीही अचूक असो.

किंबहुना खिळ्याची अचूकता येथे दिशाभूल करू शकते. एग्लिंटनचा उत्सव पाहणाऱ्यास आपण एक कल्पनाविलास पाहत आहोत याविषयी संदेह नव्हता. विस्बीच्या नमुन्यावर काटेकोरपणे घडविलेले चिलखत मात्र आपल्या खरेपणाचा लाभ त्याभोवतीच्या सर्व कृतीला मिळवून देते. वस्तू अस्सल, म्हणून कृतीही अस्सल, असे अनुमान प्रेक्षक नकळत करतो.

ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या क्षेत्रातील सामग्रीचा उपयोग करावयाचा असेल त्यांनी प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणत्या अवशेषावरून घडविली? या कृतीचा कोणता अंश नियमांनी बदलला आहे? आणि ज्यांचे पुनराचरण होत आहे त्यांपैकी कोण येथे अनुपस्थित आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज अनेक पथके उत्तम प्रकारे देतात. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या नियमावलीत असते, पण ते प्रेक्षकास क्वचितच सांगितले जाते. तिसरा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारलाच जात नाही. विस्बीच्या दफनभूमीवर एक दगडी क्रूस उभा आहे. त्यावरील लॅटिन लेखात वर्ष व दिवस आहे, डेनांच्या हातून गॉटलंडचे लोक येथे पडले एवढी नोंद आहे, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती आहे. त्या लेखात शौर्याचा उल्लेख नाही. या लढाईचे पुनराचरण करू पाहणाऱ्याने थॉर्डेमान यांच्या आकृत्यांबरोबर हा लेखही आपल्या साधनांत धरला पाहिजे.